शब्दाची इस्टेट

आपल्या घरांतून एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : "हे सगळे शेवटी तुझेच आहे." वडील मुलाला म्हणतात, काका पुतण्याला म्हणतात, निपुत्रिक मावशी भाचीला म्हणते. ऐकणारा त्या भरवशावर नोकरी सोडतो, लग्न लांबणीवर टाकतो, म्हाताऱ्यांची औषधे-पथ्ये सांभाळतो. बोलणाऱ्याला मात्र एका पैचा खर्च येत नाही. या वाक्याला जग माया म्हणते. मी त्याला बिनपगारी नोकरीचे नेमणूकपत्र म्हणते, आणि तेही न लिहिलेले!

"अहो बाई, घरातल्या घरात कागद कशाला? आमच्यात शब्दाला किंमत आहे!" हा आक्षेप मी पालकसभेपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकला आहे. शब्दाची किंमत पाहायची तर रामायण उघडावे. दशरथाने कैकेयीला दोन वर दिले ते तोंडी. कशाचे, केव्हापर्यंत, कोणाच्या वाट्यातून, काही ठरवले नाही. शब्द पाळला गेला, हे खरे. पण त्यापायी एक मुलगा वनात गेला, दुसरा नंदिग्रामात व्रतस्थ राहिला आणि शब्द देणारा प्राणास मुकला. ज्या रामाच्या परतण्याचे दिवे आपण लावतो, तो मुळात गेला कशामुळे, हे विसरू नये. मोघम वचन पाळल्यानेही घर मोडते. न पाळल्याने तर मोडतेच.

कायद्याला माया कळत नाही, असे म्हणतात. नसेल कळत, पण त्याला लबाडी कळते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घर किंवा जमीन बक्षीस द्यायची तर देणाऱ्याच्या सहीचा नोंदलेला दस्त हवा आणि निदान दोन साक्षीदार हवेत. मुसलमानी कायद्यातील हिब्याची गोष्ट निराळी. उद्या मिळेल त्या वारशाची नुसती आशा तर, त्याच कायद्याप्रमाणे, कोणाला विकताही येत नाही. म्हणजे ज्या आशेवर माणूस आयुष्य काढतो, तिला बाजारात कवडीची किंमत नाही.

दिवाळी आणि दिवाळे या शब्दांत अंतर फक्त एका मात्रेचे. खरी परीक्षा होते ती दिवाळे वाजते तेव्हा. आमच्या बाजूच्या एका गावात असेच झाले. धाकट्या मुलाने वीस वर्षे वडिलांच्या दुकानात राबून काढली. पगार मागितला की उत्तर ठरलेले : "अरे, दुकान तुझेच, घर तुझेच, पगार कसला मागतोस?" थोरल्याच्या कारखान्यासाठी वडिलांनी तेच घर बँकेकडे गहाण टाकले. कारखाना बुडाला. २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस आली आणि पुढे घराला बँकेचे कुलूप लागले. देणेकऱ्यांची यादी झाली, तीत बँक आली, घाऊक व्यापारी आले, नोकराचा थकलेला पगारही आला. धाकट्याची वीस वर्षे मात्र आली नाहीत. कारण तो नोकर नव्हता, भागीदार नव्हता आणि मालकही नव्हता. तो फक्त मुलगा होता.

कौरवसभेत द्रौपदीने विचारले होते, राजा आधी स्वतःला हरला की मला? भीष्मांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने मात्र ते दिले आहे. माणूस नादार ठरला की त्याची मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. नादारीतून मुक्त होण्याआधी त्याला वारसा मिळाला, तर तोही त्याच गाठोड्यात जमा. नादारीच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत फुकट देऊन टाकलेली मिळकतही परत ओढता येते. जो स्वतःलाच हरला, त्याने काय द्यायचे? म्हणून वेळ जाईपर्यंत तोंडी गोडवा वाटत राहणे हे औदार्य नव्हे.

बहिणींची कथा याहून जुनी. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ साली देशाच्या कायद्याने तो भेदही काढला. २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आणि घरात काय चालते? भाऊबीजेला साडी आणि पाडव्यानंतर हक्कसोडपत्र! "माहेर तुला कायमचे उघडे आहे," असा शब्द वर मिळतो. पुढे भावाचे कर्ज थकते, माहेर लिलावात जाते, आणि ज्या दाराच्या भरवशावर तिने सही केली ते दारच उरत नाही. हिस्सा ठेवला असता तर निदान तेवढा तुकडा भावाच्या कर्जातून सुटला असता; भावालाही कदाचित तिथेच आसरा मिळाला असता.

वडीलधाऱ्यांची भीती मी जाणते. लिहून दिले आणि मुलांनी टाकले तर? ती खोटी नाही. पण मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, सही आणि दोन साक्षीदार पुरतात. हयातीतच बक्षीस द्यायचे असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बक्षीस रद्द करून मागता येते. भीतीवर इलाज आहे. ज्याला मुलांना आशेवर टांगून ठेवण्यातच सुख आहे, त्याच्यावर मात्र इलाज नाही.

यंदा फराळाची ताटे उचलल्यावर घरातल्या सर्वांना, मुलींना आणि सुनांनाही, एकत्र बसवा. सातबारा काढा, घराचा उतारा काढा, आणि त्यांच्या शेजारी कर्जाची यादी ठेवा. कोणाकोणाला जामीन राहिला आहात तेही सांगा. कारण मृत्युपत्रानेसुद्धा मिळते ते देणी फिटल्यावर उरेल तेवढेच. जो घरच्या धंद्यात राबतो त्याला दरमहा पगार द्या, वहीत लिहा. जिला वाटा द्यायचा तिला वाटा द्या. नुसता शब्द देऊ नका.

मग म्हणा, "हे तुझे आहे." त्या दिवशी त्या वाक्याला प्रथमच काही अर्थ असेल.