घर वाचविण्यासाठी 45 दिवस. वकिलाच्या शोधातच सरणारी मुदत

नवी दिल्ली : वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांत छापल्या जाणाऱ्या ‘ताबा सूचना’ बहुतेक वाचक न वाचताच पान उलटतात. कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम, सदनिकेचा क्रमांक आणि चतुःसीमा एवढाच मजकूर त्यात असतो. ज्या कुटुंबाचे नाव तेथे छापले जाते, त्याच्यासाठी मात्र ती कायदेशीर मुदत सुरू झाल्याची खूण असते. या मुदतीत योग्य वकील गाठता आला की नाही, यावर अनेकदा घराचे भवितव्य ठरते.

गृहकर्जाच्या वसुलीसाठी बँका आणि गृहवित्त कंपन्या प्रामुख्याने 2002 च्या ‘सरफेसी’ कायद्याचा आधार घेतात. तारण घराचा ताबा घेण्यासाठी बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही, हे या कायद्याचे मुख्य वैशिष्ट्य होय. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकल्यास खाते अनुत्पादक ठरते आणि बँक कलम 13(2) अन्वये 60 दिवसांची मागणी नोटीस बजावते. कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास 15 दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यानंतरही रक्कम न भरल्यास बँकेला ताबा घेता येतो आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचे साह्य मागता येते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. सहकारी बँकांचे जाळे मोठे असलेल्या महाराष्ट्रात या निकालाचा परिणाम दूरगामी ठरला.

थोडक्यात, या व्यवस्थेत दाद मागण्यासाठी धावण्याची जबाबदारी बँकेवर नसून कर्जदारावर आहे. बँकेच्या कारवाईविरुद्ध कलम 17 अन्वये कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी 45 दिवसांची मुदत आहे. दारावर चिकटवलेली सूचना म्हणजे केवळ प्रतीकात्मक ताबा, प्रत्यक्ष कुलूप लागेल तेव्हा पाहू, असा अनेकांचा समज असतो. तो महागात पडू शकतो. प्रतीकात्मक ताब्याच्या टप्प्यावरही न्यायाधिकरणाचे दार ठोठावता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे प्रत्यक्ष ताब्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

वकिलाच्या निवडीचा प्रश्न येथेच कळीचा ठरतो. संकटात सापडलेले कुटुंब साहजिकच ओळखीच्या, बहुधा तालुका न्यायालयात जमिनीचे वा कौटुंबिक दावे चालविणाऱ्या वकिलाकडे जाते. तेथून दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी दावा दाखल झाला, तर कायद्याचे कलम 34 आड येते, कारण या बाबींत दिवाणी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रास प्रतिबंध आहे. थेट उच्च न्यायालयात याचिका करण्याचा मार्गही सहसा निष्फळ ठरतो. पर्यायी उपाय उपलब्ध असताना अशा याचिकांत हस्तक्षेप करताना संयम बाळगावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 पासून वारंवार बजावले आहे. चुकीच्या दारी गेलेले आठवडे 45 दिवसांच्या हिशेबात परत मिळतीलच, याची शाश्वती नसते.

‘स्थानिक वकील’ या शब्दाचा अर्थही येथे वेगळा होतो. 2016 च्या दुरुस्तीनुसार तारण मालमत्ता जेथे आहे, कर्जखाते ज्या शाखेत आहे किंवा दाव्याचे कारण जेथे घडले, त्या क्षेत्राच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. देशभरात अशी 39 न्यायाधिकरणे आणि पाच अपील न्यायाधिकरणे आहेत. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या शहरांपुरती मर्यादित आहेत. गडचिरोलीच्या कर्जदाराला नागपूर गाठावे लागते. गावातील वकिलापेक्षा न्यायाधिकरणात नियमित उभा राहणारा वकील त्याला अधिक जवळचा असतो.

मात्र असा वकील शोधायचा कसा? भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम 36 नुसार वकिलांना व्यवसायाची जाहिरात करता येत नाही. 2008 पासून संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची मुभा तेवढी मिळाली. वकिलांची सेवा ऑनलाइन विकणाऱ्या मंचांवर मद्रास उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये कठोर ताशेरे ओढले. वकिली हा व्यापार नव्हे, ही त्यामागील भूमिका समजण्याजोगी आहे. परंतु यातून निर्माण होणारी माहितीची पोकळी अनेकदा ‘कर्ज मिटवून देतो’ म्हणणारे मध्यस्थ भरून काढतात. त्यांच्याकडे सनद आहे का, हा पहिला प्रश्न असावा. निकालातून मिळणाऱ्या लाभात वाटा मागणे वकिलांना नियमाने निषिद्ध आहे, हेही लक्षात ठेवलेले बरे. न्यायाधिकरणातील वकील संघटना, जिल्हा वकील संघ आणि न्यायाधिकरणाची दैनंदिन कार्यसूची हे त्याहून भरवशाचे मार्ग ठरतात.

शुल्क परवडत नसेल, तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा आधार आहे. या कायद्यातील ‘न्यायालय’ या संज्ञेत न्यायाधिकरणांचाही समावेश होतो. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, आपत्तिग्रस्त, औद्योगिक कामगार आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक मोफत वकिलास पात्र आहेत. महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. अनेक गृहकर्जांत पत्नी सहकर्जदार असते, हे पाहता ही तरतूद महत्त्वाची आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय किंवा 15100 ही मदतवाहिनी हा त्याचा प्रारंभबिंदू होय.

जाणकार वकील सर्वप्रथम कागदपत्रे तपासतो. नोटीस नियमानुसार बजावली का, हरकतीला उत्तर मिळाले का, थकबाकी मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांहून कमी तर नाही, तारण शेतजमीन तर नाही, ताब्याची सूचना सात दिवसांत स्थानिक भाषेतील वृत्तपत्रासह दोन दैनिकांत छापली का, असे हे प्रश्न असतात. प्रक्रियेतील त्रुटीमुळे कारवाई रद्द होऊ शकते. कर्ज मात्र माफ होत नाही. म्हणूनच प्रामाणिक सल्ल्यात न्यायालयीन लढ्याइतकेच तडजोडीलाही स्थान असते. लिलावाची सूचना प्रसिद्ध झाल्यानंतर थकबाकी भरून मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क उरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दिला. त्यामुळे एकरकमी परतफेडीची बोलणी त्यापूर्वीच पूर्णत्वास जाणे श्रेयस्कर ठरते.

बँकांची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. थकीत कर्जाचा भार अखेर ठेवीदारांवर येतो, आणि दिवाणी दाव्यांच्या दिरंगाईतूनच हा कायदा जन्मला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. मात्र दाद मागण्यापूर्वी 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. वसुली वेगवान असावी, पण कर्जदाराला न्यायाचे दार बंद होऊ नये, हा त्या निकालाचा तोल होता.

आज तो तोल माहितीच्या अभावी ढळतो. ताबा सूचनेच्या विहित नमुन्यात मालमत्ता सोडवून घेण्याच्या कलम 13(8) कडे कर्जदाराचे लक्ष वेधले जाते. कलम 17 खालील दाद, 45 दिवसांची मुदत आणि मोफत विधी साह्य यांचा उल्लेख त्यात नाही. नमुन्यात तेवढ्या दोन ओळी वाढविल्यास बँकेच्या वसुलीत बाधा येणार नाही. कर्जदाराला मात्र कोणत्या दारी आणि किती दिवसांत जायचे, हे वेळेवर कळेल.