तापातली आकडी आणि मुलाची बुद्धी

दुपारपर्यंत साधा ताप. संध्याकाळी अचानक डोळे वर जातात, दातखिळी बसते, हातपाय झटके देऊ लागतात. दोन मिनिटांत सगळे थांबते आणि मूल झोपी जाते. पण त्या घरात एक प्रश्न पुढे कित्येक वर्षे जागा राहतो: याचा दिमाग कमजोर तर होणार नाही ना? दुसऱ्या-तिसऱ्यांदा आकडी आली की भीती पक्की होते. नांदेडचा देगलूर नाका असो की लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्ल्या, हे बोलले जाते ते दबक्या आवाजात. मुलगी असेल तर आणखीच दबक्या, कारण उद्या रिश्त्याच्या वेळी "हिला फिट येत होत्या" असे कुणी म्हणायला नको. म्हणून यावेळी या विषयावर उघड बोलू या.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. मेंदू अजून घडत असतो आणि काही मुलांत ताप त्याला चटकन चेतवतो. बऱ्याचदा हे घराण्यात असते. अब्बांना किंवा मामूला लहानपणी असेच झाल्याचे नंतर दादी-नानीकडून कळते. ही मिरगी नव्हे. आकडी सर्व अंगाला आली, पंधरा मिनिटांच्या आत थांबली आणि चोवीस तासांत पुन्हा आली नाही, तर डॉक्टर तिला साधी म्हणतात. एकदा आलेल्या तीन मुलांपैकी साधारण एकाला पुढच्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी दीड वर्षाच्या आत आली असेल तर ही शक्यता जास्त. पुन्हा आली म्हणजे आजार बळावला असे नाही.

आता बुद्धीचा प्रश्न. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापात आकडी आलेल्या मुलांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली गेली. एकच आईबाप, एकच घर, एकच दस्तरखान; याहून न्याय्य तुलना कोणती? सातव्या वर्षी बुद्धीच्या चाचणीत फरक निघाला नाही. ब्रिटनमध्ये १९७० साली जन्मलेल्या मुलांपैकी तापात आकडी आलेली ३८१ मुले दहाव्या वर्षी तपासली, तेव्हा अभ्यासात आणि वागण्यात ती इतरांच्या बरोबरीने होती. मात्र वारंवार आकडी आलेल्या मुलांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात अशा काही मुलांचा शब्दसंग्रह लहान वयात मागे पडलेला दिसला. एकदाच आकडी आलेल्यांत तसे दिसले नाही. झटक्यांमुळेच बोलणे मागे पडले असे यावरून सिद्ध होत नाही, पण अशा मुलाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवायला हे पुरेसे कारण आहे. दीड वर्षाला चार-पाच शब्द नाहीत, दोन वर्षांना "अम्मी पानी" असे दोन शब्द जोडता येत नाहीत, तर "इसके अब्बा भी देर से बोले थे" म्हणत बसू नका, दाखवा.

औषधाची हकीकत तर डोळे उघडणारी आहे. पूर्वी अशा मुलांना फिनोबार्बिटोन रोज, महिनोन्महिने देत. १९९० साली अमेरिकेत २१७ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांचा बुद्ध्यांक सरासरी आठ गुणांनी कमी भरला आणि झटकेही कमी झाले नव्हते. म्हणजे ज्या भीतीपोटी औषध दिले, तेच औषधाने घडवले! साध्या आकडीला आता रोजचे औषध सहसा देत नाहीत. वारंवार येत असेल तर आपल्याकडे अनेक डॉक्टर फक्त तापाचे दोन-तीन दिवस क्लोबाझाम देतात. मात्र चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका.

खरी काळजी करायची ती वेगळ्या मुलांची. आकडी लांबली, अंगाच्या एकाच बाजूला आली किंवा त्याच दिवशी परत आली तर तपासणी हवीच. अर्धा तास चाललेल्या झटक्यांनंतर काही मुलांच्या मेंदूतल्या स्मरणशक्तीच्या भागाला सूज आलेली दिसली आहे. पहिल्या वर्षातच अशा लांबलेल्या, एकाच बाजूच्या आकड्या वारंवार येऊ लागल्या, तर मागे ड्रॅव्हे सिंड्रोम हा दुर्मीळ जनुकीय आजार असू शकतो. त्यात दुसऱ्या वर्षापासून वाढ मंदावते. आणि आकडीनंतर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, टाळू फुगली असेल किंवा वय सहा महिन्यांच्या आत असेल, तर मेंदूज्वराची शंका घेऊन तडक दवाखाना गाठा. मेंदूचे कायमचे नुकसान करतो तो हा संसर्ग.

आकडीच्या त्या दोन मिनिटांत चप्पल किंवा कांदा हुंगवणे, हातात किल्ली देणे, तोंडात चमचा घालणे, पाणी पाजणे यातले काहीही करू नका. चमच्याने दात तुटतात, पाणी श्वासनलिकेत जाते. मुलाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ पाहा. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करावे. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा ते उपयोगी पडते. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल, तर तो याच वेळी वापरायचा. दम करायचा असेल तर जरूर करा, पण तो वाहनात बसूनही करता येतो. तापाचे औषध मुलाला आराम देते, आकडी हमखास रोखत नाही. तेव्हा "तू औषध उशिरा दिलेस" म्हणून सुनेला दोष देणाऱ्या सासूबाईंनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. तापात आकडी येणाऱ्या मुलांत लोहाची कमतरता अधिक आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात, आणि लोह कमी असले की आकडी न येताही मेंदूची वाढ रखडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची शंभरातली जवळपास ६९ मुले रक्तक्षयी निघाली. तरी आपल्या घरांत दीड वर्षाच्या बाळाला बशीत चहा-बिस्किट मिळतेच. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्याऐवजी मऊ शिजवलेला खिमा किंवा डाळ-पालकावर लिंबू पिळून द्या, आणि रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच लोहाचे औषध.

तपासणीसाठी मोठा खर्चही लागत नाही. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि त्याच्या यादीत झटक्यांचा आजारही आहे. मोठ्या तपासणीसाठी नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. जाताना लसीकरणाचे कार्ड न्या. त्याच्या मागच्या पानावर प्रत्येक आकडीची तारीख, किती मिनिटे चालली, ताप किती होता आणि घराण्यात कुणाला होती, हे लिहून ठेवा. यातले काही लपवू नका, मुलगी असली तरी. लसीही थांबवू नका. पुढची लस देण्याआधी फक्त डॉक्टरांना आकडीबद्दल सांगा.