वादळ आणि घरधनी

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीवनजीक आदळले. सुरत वाटेबाहेर असूनही येथे झाडे उन्मळून पडली. अशा प्रसंगी शेजाऱ्याच्या गच्चीवर आपले झाड कोसळले, तर ‘दैवी आपत्ती’ म्हणून हात झटकण्याची आपल्या व्यापारी मंडळींस सवय आहे. आम्हांस ती मान्य नाही.

निरोगी वृक्ष असामान्य वाऱ्याने पडला, तर धन्यास बोल लावता येणार नाही. परंतु खोड पोखरलेले दोन वर्षे दिसत होते, शेजाऱ्याने सांगूनही पाहिले होते, तेथे वादळ केवळ निमित्त होय. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली नगरपालिकेस जबाबदार धरले. दोष दृष्टीस पडत नव्हता, ही सबबही चालली नाही. रस्त्यालगतच्या झाडासही हेच माप लागावे, असे आमचे मत आहे.

विमा उतरविला आहे, हे उत्तर पुरे नाही. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमापत्रात वादळ व पडत्या झाडाचा आघात येतो खरा, पण तो स्वतःच्या घरापुरता. खालून जाणाऱ्या हातगाडीवाल्याने कोणाकडे पाहावे?

झाडास कुऱ्हाड लावण्यास आपले मन कचरते, आणि ते योग्यच. तथापि वाळलेली फांदी रीतसर परवानगीने उतरविणे निराळे. गोपीपुऱ्यातील जुन्या भिंतींतून डोकावणारे पिंपळ वैशाखातच पाहून घ्यावेत. पाऊस लागला की माणूस मिळत नाही.