भिंतीपलीकडचे हक्कदार

घर माझे, जमीन माझी, पैसा माझा. मग मी एखादी खोली वाढवावी की तळमजल्यावर गाळा काढावा, हे ठरविण्याचा अखत्यार महापालिकेस कोणी दिला, हा प्रश्न आज इतक्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडून व इतक्या आवेशाने ऐकू येतो, की त्यास उत्तर न देणे म्हणजे तो मान्य करण्यासारखेच होय. या पक्षाचे म्हणणे असे की, बांधकामाचा परवाना ही मालकी हक्कावर बसविलेली सरकारी जप्ती आहे. जो अर्ज घेऊन दप्तरात जातो तो जोडे झिजवितो, जो जात नाही तो निर्वेध गृहप्रवेश उरकतो. आणि अखेर सरकारच दंड घेऊन सर्वांची पापे धुऊन काढते. यांतील शेवटचे विधान दुर्दैवाने खरे आहे व त्याचा परामर्श यथाक्रम घेऊ. परंतु आरंभीच्या विधानाचा पाया कायदा न वाचण्यावर रचलेला आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे.

घरात खिळा ठोकावयासही मंजुरी लागते, हा निव्वळ बागुलबुवा होय. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचे 43 वे कलम परवानगी आवश्यक ठरवीत असतानाच, जे काम केवळ इमारतीच्या अंतर्भागापुरते आहे त्यास सामान्यतः मोकळीक देते. मुंबईचा 1888 चा महापालिका कायदा त्याहून जुना. पण त्याच्या 342 व्या कलमानेही गिलावा, रंग, फरशी बदलणे, नळ व मोऱ्यांची डागडुजी, ढासळलेल्या विटा पुन्हा बसविणे असल्या किरकोळ दुरुस्त्या नोटिशीतून वगळल्या आहेत. निवासी विभागात राहत्या घरी डॉक्टराने रोगी तपासावेत, गृहिणीने शिवणकाम करावे, यास हरकत नाही. पिठाच्या गिरणीसही नाही, मात्र ती तळमजल्यावर असावी व तिच्या यंत्राच्या शक्तीस मर्यादा असावी, एवढीच अट. ही अट कोणा कारकुनाच्या लहरीतून निघालेली नाही. गिरणीचा हादरा वरच्या खोलीतल्या पाळण्यापर्यंत पोहोचतो, म्हणून ती आहे. 2020 च्या एकत्रित नियमावलीने तर 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील घरासाठी नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली आहे.

म्हणजे कायद्याची कसोटी एकच. आपल्या कृतीचा परिणाम आपल्या भिंतीच्या आत राहतो तोवर मालक सर्वाधिकारी. तो भिंत ओलांडतो, तेथे पलीकडच्यांचे म्हणणे ऐकावयाचे. नवा मजला चढविणे, सामासिक अंतरात पत्र्याची शेड उभारणे, दुकानात पोटमाळा घालून त्यावर मालाची पोती रचणे, राहत्या सदनिकेचे रुग्णालय वा उपाहारगृह करणे, या सर्व ठिकाणी ज्यांच्या डोक्यावर भार पडणार, ज्यांचा उजेड अडणार किंवा आगीच्या वेळी ज्यांचा जिना गर्दीने बंद होणार, ते लोक नकाशाच्या कागदावर सही करावयास हजर नसतात. परवाना देणारा अंमलदार हा त्या अनुपस्थितांचा मुखत्यार होय. तो मुखत्यारी नीट करीत नसेल तर त्यास जाब विचारावा, मुखत्यारपत्रच फाडू नये.

“एवढीच भिंत काढू, हॉल कसा ऐसपैस दिसेल,” असे मिस्त्री म्हणतो तेव्हा त्या भिंतीत वरच्या मजल्यांना पेलणारा खांब दडलेला आहे काय, हे त्यास ठाऊक नसते व मालकास विचारावेसे वाटत नाही. घाटकोपरची साईसिद्धी ही चार मजली इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून सतरा माणसे गेली. तळमजल्यावर पूर्वी शुश्रूषागृह होते. तेथील फेरबदलात इमारतीच्या आधारासच हात लावला गेला, असा आरोप आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहास आग लागून चौदा जण मरण पावले, तेव्हा गच्चीवरील ज्वालाग्राही छपरांची चर्चा झाली. ती छपरे उभी राहताना झाली नव्हती.

पूर्वपक्ष यावर म्हणेल, की परवाना म्हणजे लाचेचे कुरण. कुरण आहे, हे कोण नाकारतो? पण 4 एप्रिल 2013 रोजी शीळ येथे लकी कंपाउंडमधील जी इमारत चौऱ्याहत्तर जणांना गाडून पडली, तिला परवानगीच नव्हती. त्या प्रकरणी लाचेच्या आरोपावरून अधिकारी व पोलीस यांनाही अटक झाली. आणि तो आरोप मंजुरी अडविण्यासाठी पैसे घेतल्याचा नसून बेकायदा बांधकामाकडे डोळेझाक केल्याचा होता. परवाना उठविला तर लाच उठेल, या तर्काची याहून मोठी विटंबना संभवत नाही. शिवाय हे निर्बंध नोकरशाहीच्या हौसेतून जन्मले, हाही भ्रमच. 1896 च्या प्लेगाने मुंबईच्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसे उचलली, तेव्हा 1898 साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड कापून दाट वस्तीत समुद्राचा वारा खेळविण्यात आला, आणि दादर-माटुंग्यास मोकळ्या अंतरांच्या वसाहती आखल्या गेल्या. आज ज्या सामासिक अंतरात आपण शेड टाकतो त्याची किंमत त्या पिढीने मोजलेली आहे.

आता सत्य उरले ते नियमितीकरणाचे, आणि येथे आमचा रोख सरकारवर आहे. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडलेल्या जमिनींवरील बांधकामांचा, कायदा 2001 साली झाला. त्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंतची घरे नियमित करून पुढे कोणास सूट नाही, असा त्याचा आव होता. वीस वर्षांनी तीच तारीख 31 डिसेंबर 2020 वर सरकविण्यात आली. मधल्या काळात ज्याने रीतसर विकासशुल्क भरले, जोते तपासून घेतले व भोगवटा प्रमाणपत्रासाठी खेटे घातले, तो मूर्ख ठरला. विनापरवाना बांधकामास कैदेची तरतूद आहे खरी, पण 1966 च्या अधिनियमाच्या 52 व्या कलमातील द्रव्यदंड आजही दोन ते पाच हजार रुपये, म्हणजे एका खिडकीच्या जाळीची किंमत! अवैध बांधकामावर दुप्पट शास्तीकर भरणारे कित्येक त्या पावतीलाच परवाना समजतात. वस्तुतः कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, हे शास्तीकराच्या कलमातच लिहिले आहे. आणि वरळीच्या कॅम्पा कोला आवारात जेथे पाच मजल्यांची मंजुरी होती तेथे वीसपर्यंत मजले चढले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाचविण्यास नकार दिला, तेव्हा रस्त्यावर आले ते रहिवासी.

म्हणून आमची मागणी परवाना रद्द करण्याची नाही. परवानगी न लागणाऱ्या कामांची यादी प्रत्येक विभाग कार्यालयाच्या दारावर सोप्या मराठीत लावावी. 60 दिवसांत निर्णय न कळविल्यास नियमांत बसणाऱ्या प्रस्तावास मंजुरी मिळालीच असे मानावयाची जी तरतूद 1966 च्या अधिनियमाच्या 45 व्या कलमात आहे, तिचा लाभ अर्जदारास न भांडता मिळावा. द्रव्यदंड आजच्या जागेच्या भावाशी जोडावा. आणि गुंठेवारीची तारीख पुन्हा एकदा हलविण्याचे धाडस कोणत्याही विधानसभेने करू नये.