नववीतल्या मुली मैदानावरून जातात कुठे?

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये आपल्या मुलींनी खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० अशी मात. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. पूर्ण स्पर्धेत संघ एकदाही हरला नाही. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला १०९-१६! दुसऱ्या दिवशी परिपाठात बातमी वाचून दाखवली, तेव्हा सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. नववीच्या मुलींनीही वाजवल्या. पण शाळेच्या खो-खो संघात नववीची एकही मुलगी नव्हती. सातवीत याच मुली काय पळायच्या!

कारण विचारलं की आपण शिक्षक पटकन म्हणतो, ‘पालकांची मानसिकता.’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो, असं माझं मत आहे.

शिरोली एमआयडीसीत आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींचे आईवडील फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये नाहीतर पॅकिंगला आहेत. आई दुपारच्या शिफ्टला गेली की धाकट्या भावाला बघायला घरात मोठी मुलगीच असते. आपला सराव शाळा सुटल्यावर, पाच ते साडेसहा. डिसेंबरात सहालाच अंधारून येतं. वाटेत पुणे-बेंगळुरू हायवे, सर्व्हिस रोडला ट्रक लागलेले. आई म्हणते, “सर, खेळू दे की, पण उजेडात घरी यायला पाहिजे.” यात चुकीचं काय आहे? वेळ आपण ठरवलेली आहे, त्यांनी नाही.

बरं, शारीरिक शिक्षणाचे तास वेळापत्रकात असतातच. पण नववीत गेलं की ते गणित-विज्ञानाचा ‘पोर्शन’ भरून काढायला जातात. मी स्वतः गणित शिकवतो, तरी सांगतो, त्या तासावर आपला हक्क नाही.

आणि खो-खो म्हणजे नुसतं पळणं नव्हे. नेहमीच्या खेळात आठ जणी एका ओळीत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, अशा बसतात. नववी पाठलाग करते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही. समोरची पलीकडे गेली की तिकडे तोंड करून बसलेलीला पाठीमागून खो द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी बसायचं. नेमक्या कुठल्या क्षणी आपण थांबायचं आणि दुसरीला पुढे सोडायचं, हा निर्णय पोरीला एका सामन्यात कितीतरी वेळा घ्यावा लागतो. आमच्या गटकार्याच्या तासाला एवढं शिक्षण होत नाही, खरं सांगायचं तर.

खर्च? दोन खांब आणि चुन्याची फक्की. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पण सुरुवात मातीत होते. लडाखच्या मुलींचं बघा. वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने नैसर्गिक बर्फ मिळतो, त्यावर शिकून त्या आइस हॉकी खेळतात. बहुतेक लडाखी मुलींच्याच भारतीय संघाने जून २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक आणलं. आपल्याकडे मैदान बारा महिने आहे, पावसाळ्यातला चिखल सोडला तर.

पालकांना दहावीचं टेन्शन असतं, ते समजतं. पण राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना दहावीत सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पालकसभेत हे आपण सांगतो का? आपण तिथे चाचणीचे गुण वाचतो.

माझं म्हणणं एवढंच की सराव शाळा भरायच्या आधी, सकाळी घ्यावा, नाहीतर शेवटचे दोन तास जोडून. मुलींना ट्रॅक पॅन्ट चालेल, हे मुख्याध्यापकांनी लेखी कळवावं. कपडे बदलायला कडी लागणारी एक खोली द्यावी आणि तिथे सॅनिटरी पॅड ठेवावेत. कडीचं मुद्दाम लिहितोय, कारण बऱ्याच मुली याच एका गोष्टीवरून गुपचूप नाव काढून घेतात, आणि सरांना कारण सांगतात पोटदुखीचं.