सुगंधाचा हिशेब

हल्ली आपल्या तरुण मुलांत 'ऊद'च्या सेंटची मोठी चलती आहे. लग्नाचा हॉल असो, भीमजयंतीची मिरवणूक असो की नोकरीची मुलाखत, तो दाट, लाकडी वास दुरूनच ओळखू येतो. घरातील वडीलधारी मंडळी मात्र कुरकुरतात, "सेंटावर पैसे उधळायला तू काय नवाब लागून गेलास?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आज याचा हिशेब मांडू या.

आधी वस्तू समजून घेऊ. हा ऊद म्हणजे अगरू. तथागत बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण अगरबत्ती लावतो, त्यातील 'अगर' तो हाच. निखाऱ्यावर घालतो तो ऊद निराळ्या झाडाचा डिंक. अगरूचे झाड आसामात होते. होजाई हे या व्यापाराचे मोठे ठिकाण. निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके व जवळजवळ बिनवासाचे असते. खोडाला जखम होऊन आत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी काळपट राळ तयार करते. असे लाकूड भिजवून, भट्टीवर उकळून वाफेतून तेल काढतात. यापायी रानेच्या राने तुटू लागली, तेव्हा १९९५ पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

आता पैशाचे पाहू. अस्सल ऊदतेल तोळ्यावर विकतात आणि तोळ्याला हजारो रुपये पडतात. समजा, १०० मिलिची बाटली ४०० रुपयांना मिळाली, म्हणजे मिलिला ४ रुपये. त्यातच काच, खोका, जाहिरात आणि दुकानदाराचा नफा. मग अस्सल ऊद त्यात येणार कोठून? तो प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो. त्यात गैर काही नाही. पण 'अस्सल' या शब्दासाठी जादा दाम मोजू नये. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, तारीख व कमाल किंमत वाचूनच घ्यावे. उसनवारी करून किंवा हप्त्याने तर मुळीच घेऊ नये. हा वास उग्र असतो, दोन फवारे पुरेत. घरात दम्याचा रोगी असेल तर बाहेर जाऊन मारावा. आणि सेंट म्हणजे आंघोळ नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. मेलेली ढोरे ओढण्याचे काम आपल्या माणसांवर लादले गेले आणि वर त्यांच्या अंगाला वास येतो म्हणून त्यांनाच हिणवले गेले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी आपल्या मायबहिणींना स्वच्छ, नीटनेटके राहण्यास आणि अस्पृश्यतेच्या खुणा असलेला पेहराव टाकून देण्यास सांगितले. नीट राहणे ही चैन नव्हे, तो स्वाभिमान आहे. ज्याच्या आजोबाला ओसरीवर चढू दिले नाही, तो नातू कार्यालयात सुगंध लावून ताठ मानेने बसतो, याचे आपल्याला कौतुक वाटले पाहिजे.

मुलांनो, तुम्हालाही सांगणे आहे. पंचशीलात सुगंधाला मनाई नाही. पण पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका त्या दिवशी माळा, गंध, विलेपन वर्ज्य करतात. एक दिवस त्यावाचून राहून पाहा, म्हणजे आपण वस्तूचे धनी आहोत की गुलाम ते कळेल. धम्मपदाच्या पुप्फवग्गात चंदन-तगरापेक्षा शीलाचा सुगंध श्रेष्ठ मानला आहे. अंगाला ऊद आणि तोंडाला दारूचा वास, असा तरुण भीमजयंतीच्या मिरवणुकीला शोभत नाही.

आणखी एक. जखमेतून सुगंध येतो म्हणून जखमेचे गोडवे गाऊ नका. झाडाला बोलता येत नाही. आपल्याला शिकता येते, संघटित होता येते, संघर्ष करता येतो.

तेव्हा सेंट जरूर घ्या. फक्त एक नियम करा: जेवढे रुपये बाटलीला, तेवढेच धाकट्या भावंडाच्या पुस्तकांना. हा हिशेब ज्या घरात जुळेल, तेथे कुरकूर उरणार नाही.

जयभीम!