एका ओरखड्याचा ताळेबंद

माझं स्पष्ट मत आहे, की ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येतं, त्याने गाडीवरच्या तांदळाएवढ्या टवक्यासाठी गॅरेजची पायरी चढू नये. हे मत सोसायटीत मांडल्यापासून लोक मला कंजूष म्हणू लागले आहेत. मी रागावत नाही. बँकेतल्या क्लार्कला कंजूष म्हणणं ही शिवी नसून नुसती पुनरुक्ती आहे.

आपल्याकडे माणसाच्या अंगावर ओरखडा उठला तर हळद लावतात. गाडीच्या अंगावर उठला तर पंचनामा करतात. आमच्या पार्किंगमध्ये एका सात वर्षांच्या पोराच्या सायकलचं हँडल शेजाऱ्यांच्या गाडीच्या दाराला घासलं. ओरखडा बोटभर. पण सीसीटीव्ही तपासला गेला, व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच कोनांतून फोटो आले आणि नऊ वर्षं या दारातून त्या दारात जाणारं फराळाचं ताट त्या दिवाळीला गेलं नाही. पोरगं सायकल घेऊन खाली उतरेनासं झालं. आता हा ओरखडा कुठल्या गॅरेजात निघतो, ते मला कुणीतरी सांगा!

बरं, एवढं रामायण कशासाठी? पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी ७० मायक्रॉन धरली, तर दोन केस. केसाने गळा कापतात हे ऐकून होतो. सोसायटीत दोन लागतात, एवढाच फरक.

आता माझे विरोधक बघू. पहिला गॅरेजवाला. टवका मोहरीएवढा असो की भोपळ्याएवढा, त्याचं निदान एकच : “साहेब, अख्खं पॅनेल मारावं लागेल.” म्हणजे एका दाताला कीड लागली म्हणून कवळी! अहो, कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक, वायरी असतात; तिला गॅरेजवाला फार तर ६० अंशांच्या आसपास शेकू शकतो. तेव्हा टवक्याभोवतीचा भाजलेला, धडधाकट रंग खरवडून काढायचा आणि वर त्याचे पैसे मोजायचे, हा व्यवहार कुठल्या कॉमर्स कॉलेजात शिकवतात? पत्रा चेपला असेल, हातभर रंग उडाला असेल, तर गॅरेज जिंदाबाद. पण डास चावला म्हणून कुणी ऑपरेशन थिएटर बुक करत नाही.

दुसरा विरोधक जास्त धोकेबाज, कारण तो सुशिक्षित असतो. तो म्हणतो, “विमा आहे ना!” आहे. पण क्लेम नसेल तर हप्त्यातल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. एक क्लेम केला, की वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर ही शिडी संपली. पुन्हा पहिल्या पायरीखाली उभे राहा. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममधले पहिले १००० रुपये तुमचेच. शिवाय शून्य घसाऱ्याची पॉलिसी नसेल, तर रंगाच्या सामानाच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून वजा. गेलात ओरखडा घेऊन, आलात घसारा घेऊन!

तिसरे विरोधक आमच्याच पक्षातले फितूर. हे घरीच दुरुस्ती करतात, पण टूथपेस्टने. टूथपेस्ट थोडीफार घासते, त्यामुळे वरवरचं खरचटलेलं पुसट दिसतं; गेलेला रंग काही ती परत आणत नाही. काही जण सौ.ची नेलपॉलिश पळवतात. त्यात गाडीची छटा जुळत नाही, आणि संध्याकाळी घरातलीही.

खरी रीत सोपी आहे. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. अडकलं नाही, तर जखम पारदर्शक थरातच आहे; मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड हलकेच फिरवा, बास. अडकलं, तर रंग भरायचा. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र मुहूर्त बघू नका. पावसाळा आणि खारी हवा मिळाली की गंज रंगाखालून पसरतो. बंपर प्लॅस्टिकचा असेल तर गंज धरत नाही. तिथे गंज धरतो तो मालकाच्या अहंकाराला.

दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली एका पट्टीवर रंगाचा कोड असतो. त्याच कोडची टच-अपची बाटली आणा. सावलीत, कोरड्या दिवशी जागा धुवा, वाळवा, गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने काढा, स्पिरिटने पुसा. पत्रा दिसत असेल तर आधी प्रायमर. मग काडीच्या टोकाने रंगाचा ठिपका ठेवायचा, फासायचा नाही. पातळ थर, वाळू द्या; पुन्हा थर, पुन्हा वाळू द्या. वर क्लिअर कोट. आठवड्याने २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून अगदी हलक्या हाताने, आणि शेवटी कंपाउंड.

चार फुटांवरून पटकन लक्षात येत नाही. जवळ वाकून जो म्हणतो, “इथे काहीतरी केलंय हं!”, तो गाडी बघतच नसतो.

तेव्हा माझी सोसायट्यांना सूचना आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत कॅमेरे वाढवण्याचा ठराव येईल, तेव्हा माझा उपठराव मांडा : प्रत्येक गाडीत रंगाची एक बाटली असावी, आणि ज्या पोराच्या हातून ओरखडा पडेल, त्याला मालकाने शेजारी बसवून घ्यावं. काडी मालकाच्या हातात, फडकं पोराच्या. खर्चाच्या बाजूला काहीशे रुपये आणि एक रविवार. जमेच्या बाजूला पोराला आलेलं एक काम, आणि दिवाळीत ताटभर चकल्या. त्यांच्यावर घसारा लागत नाही.